छाती कुणी दाबायची, आणि कुठे?

नवरात्र आली की एक व्हिडिओ ठरल्यासारखा फिरू लागतो. गरब्याच्या रिंगणात नाचता नाचता एखादा तरुण थबकतो आणि कोसळतो. नवरात्र नसेल तर जिम असते, लग्नाची वरात असते, कॉलेजचं गॅदरिंग असतं. मग दोन दिवस चर्चा झडते. एकाच्या मते लस भोवली, दुसऱ्याच्या मते प्रोटीन पावडर. तिसरा डीजेवर घसरतो, चौथा कामाच्या ताणावर, पाचवा थेट वडापावावर. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. लसीमुळे धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. घराण्यात असा मृत्यू झालेला असणं, कोविडसाठी रुग्णालयात राहावं लागलेलं असणं, एका बैठकीत बेसुमार दारू पिणं, झेपणार नाही इतके शारीरिक श्रम करणं यांचा संबंध मात्र दिसला. भांडण तरीही होतं तिथेच राहिलं. हृदय का थांबलं यावर इतक्या तावातावाने बोलणारे लोक त्याच व्हिडिओतली पुढची दोन मिनिटं का बघत नाहीत? त्यात कुणी पाणी शिंपडत असतं, कुणी तळपाय चोळत असतं, कुणी नाकाशी कांदा धरतं, कुणी 'हवा येऊ द्या' म्हणून ओरडतं, आणि निदान चार जण मोबाइल वर धरून चित्रीकरण करत असतात. छातीवर हात कुणाचाच नसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. थांबलेल्या हृदयाचा माणूस वाचवण्याच्या शास्त्रात गेल्या पासष्ट वर्षांत जे यश मिळालं, त्यातला मोठा वाटा घरातल्या, रस्त्यावरच्या, फलाटावरच्या साध्या माणसांचा आहे. आपण मात्र हे शास्त्र भलत्या जागी नेऊन ठेवलं. कर्करोगाने खंगलेल्या, शेवटच्या टप्प्यातल्या ऐंशी वर्षांच्या आजींची छाती अतिदक्षता विभागात बरगड्या मोडेपर्यंत दाबली जाते, कारण 'सगळे प्रयत्न केले' असं म्हणता आलं पाहिजे. आणि चाळिशीतला धडधाकट माणूस बाजारात कोसळतो तेव्हा आपण त्याच्याभोवती कोंडाळं करून उभे राहतो. ही उलटापालट सरळ करणं हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. सरकारला त्यात पैसा घालायचा असेल तर तो आधी लोकांना शिकवण्यात घालावा, यंत्रं नंतर घ्यावीत.

पुढे जाण्याआधी एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण वाहिन्यांवरच्या चर्चेत तो रोज पुसला जातो. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी धमनी तुंबते. माणूस घामाने डबडबतो, छाती आवळते, पण बहुधा तो शुद्धीवर असतो आणि दवाखाना गाठायला थोडा अवधी असतो. हृदय थांबतं, म्हणजे कार्डिअॅक अरेस्ट होतो, तेव्हा पुष्कळदा ठोक्यांची विद्युत लयच बिघडलेली असते. हृदय नुसतं थरथरत राहतं, मेंदूकडे रक्त जात नाही आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. झटक्यातून अरेस्ट होऊ शकतो, पण बुडण्यातून, विजेच्या धक्क्यातून, जन्मजात दोषातूनही होतो. अशा माणसाला काही वेळ आचके येतात, घोरल्यासारखा आवाज निघतो आणि भोवतालचे सुस्कारा टाकतात की चला, श्वास तरी चालू आहे. तो श्वास नसतो. चार-पाच मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. शॉक देऊन लय पूर्ववत करता येण्याजोगी असेल आणि छाती कुणीच दाबली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. दहाव्या मिनिटाला उत्तमातली उत्तम रुग्णवाहिका दारात आली तरी तिच्यातल्या डॉक्टरला करण्यासारखं फारसं उरत नाही.

ही गोष्ट माणसाला विसाव्या शतकात प्रथम उमगली असंही नाही. अॅमस्टरडॅम हे कालव्यांचं शहर. लोक त्यात पडून मरत. १७६७ मध्ये तिथल्या काही नागरिकांनी बुडालेल्यांना वाचवण्यासाठी संस्था काढली. १७७४ मध्ये लंडनने तिचं अनुकरण केलं. तोंडाने हवा फुंकणं, अंग गरम ठेवणं हे त्यांचे उपाय होते, आणि त्यांच्या जोडीला गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणं हाही होता. (धूम्रपानाचा आरोग्याला उपयोग झाल्याचा दावा इतिहासात बहुधा इतक्या गांभीर्याने पुन्हा झाला नसेल.) धूर पुढे टाकून दिला गेला. टिकली ती त्या संस्थांची दुसरी कल्पना: उपाय छापून लोकांत वाटायचे आणि वाचवणाऱ्याला बक्षीस द्यायचं, मग तो नावाडी असो की खानावळवाला. पहिल्या चार वर्षांत दीडशे जणांना वाचवल्याचा अॅमस्टरडॅमच्या संस्थेचा दावा होता. वैद्य येईपर्यंत बुडालेला माणूस थांबत नाही, हे त्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

आधुनिक सीपीआरची, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन माणूस जगवण्याच्या पद्धतीची, गोष्टही अशीच रुग्णालयाच्या भिंतीपाशी येऊन अडखळते. विजेच्या तारांवर काम करणारे लाइनमन धक्का लागून मरत, म्हणून वीज उद्योगाच्या पैशांतून अमेरिकेत हे संशोधन सुरू झालं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणारे विल्यम कौवेनहोव्हेन हे डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. त्यांच्या प्रयोगशाळेत गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आलं की कुत्र्याच्या छातीवर शॉकची जड तबकडी नुसती दाबली तरी रक्तदाब किंचित वर जातो. शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह त्यांनी १९६० मध्ये वीस रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातले चौदा वाचले होते. त्यांनी लिहिलं की आता कुणीही, कुठेही हा उपचार सुरू करू शकतो. त्याला फक्त दोन हात लागतात. ते रुग्ण रुग्णालयातले होते, म्हणून सत्तर टक्क्यांचं ते यश रस्त्यावर कधीच मिळालं नाही, हे खरं. पण 'कुणीही, कुठेही' या दोन शब्दांचं काय झालं? १९६६ मध्ये अमेरिकेत भरलेल्या राष्ट्रीय परिषदेने सीपीआर डॉक्टरांना आणि वैद्यकीय कर्मचाऱ्यांना शिकवण्याची शिफारस केली. सामान्य लोकांनाही शिकवावं, हे ठरायला १९७३ ची परिषद उजाडावी लागली. खरं तर १९६० मध्येच एका नॉर्वेजियन खेळणी कारखानदाराने, ऑस्मुंड लॅर्डाल यांनी, सरावासाठी बाहुली बनवूनही टाकली होती. यंत्र आणि साधन तयार होतं, अडून बसली होती ती व्यवसायाची प्रतिष्ठा.

रुग्णालयाच्या भिंती ओलांडण्याचा पहिला धाडसी प्रयत्न बेलफास्टमध्ये झाला. फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ मध्ये मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा, सुमारे सत्तर किलो वजनाचा डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, रुग्णवाहिकेत चढवला आणि रुग्णाकडे डॉक्टर पाठवायला सुरुवात केली. सिएटलने १९७० मध्ये त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. लिओनार्ड कॉब यांनी डॉक्टरांऐवजी अग्निशमन दलाच्या जवानांना तयार केलं आणि लगोलग शहरातल्या नागरिकांना शिकवायला घेतलं. पुढे सिएटल ज्यात येतं त्या किंग काउंटीत दूरध्वनीवरून छाती दाबायला सांगण्याची पद्धत रुजली. आज तिथे कुणाच्या डोळ्यांदेखत कोसळलेला, आणि शॉकने सुधारण्याजोगी लय असलेला माणूस वाचण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते.

डेन्मार्कचं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं, कारण तो बदल एका शहराचा नसून अख्ख्या देशाचा आहे. तिथे २००५ पासून शाळांत आणि पुढच्या वर्षीपासून वाहन परवान्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचं झालं. २००१ मध्ये रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी २१ टक्क्यांना जवळच्या माणसाकडून सीपीआर मिळत होता. २०१० मध्ये हे प्रमाण ४५ टक्क्यांवर गेलं. तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ अकरा टक्क्यांवर पोचलं. या काळात रुग्णवाहिका सुधारल्या, रुग्णालयातले उपचारही सुधारले. सगळं श्रेय शाळेला देता येणार नाही, आणि त्या अभ्यासाच्या लेखकांनीही ते दिलेलं नाही. पण जून २०२१ मध्ये कोपनहेगनच्या मैदानावर डॅनिश फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला तेव्हा जगाने जी तत्परता पाहिली, ती अशाच समाजातली होती.

आता त्याच काळात अतिदक्षता विभागात काय झालं ते पाहू, कारण यंत्रवादी मंडळींचा सगळा भर तिथे असतो. अॅड्रेनालिनचं इंजेक्शन दशकानुदशकं प्रत्येक अरेस्टमध्ये दिलं जात होतं. ब्रिटनमध्ये आठ हजार रुग्णांवर त्याची नीट परीक्षा झाली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष आला. तीस दिवसांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर गेलं, पण मेंदू शाबूत असलेल्यांच्या संख्येत म्हणावा असा फरक पडला नाही. वाचलेल्यांमध्ये तीव्र मेंदूहानी झालेल्यांचा वाटा अॅड्रेनालिन दिलेल्या गटात जास्त निघाला. शरीर थंड करण्याच्या उपचाराचीही तीच कथा. २००२ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि युरोपातल्या दोन अभ्यासांनी त्याचा डंका वाजवला, जगभरच्या विभागांत थंड करणारी उपकरणं आली. २०१३ मध्ये ३३ आणि ३६ अंशांत फरक सापडला नाही, आणि २०२१ मध्ये नुसता ताप येऊ न देणंही तितकंच उपयोगी ठरलं. छाती दाबणारी यंत्रं नीट दाबणाऱ्या हातांपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणजे रुग्णालयाने काहीच केलं नाही का? तसं नाही. तुंबलेली धमनी तातडीने उघडणं, पुन्हा अरेस्ट होऊ नये म्हणून छातीत उपकरण बसवणं, मेंदूच्या भवितव्याचा निर्णय घाईने न घेणं, यांनी माणसं वाचली आहेत. पण हे सगळं त्यांच्यासाठी, जे रुग्णालयापर्यंत मेंदू घेऊन पोचले.

एक्मोचं यंत्र हा सध्याचा लाडका विषय. हृदय बंद असताना शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळून ते परत सोडायचं. मिनियापोलिसमध्ये तीस रुग्णांवर झालेल्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के लोक घरी गेले, नेहमीच्या उपचारांनी ७ टक्के. आकडे थक्क करणारे आहेत, आणि ते खोटे नाहीत. मात्र नेदरलँड्समध्ये अनेक रुग्णालयांत मिळून हाच प्रयोग झाला तेव्हा २०२३ मध्ये २० विरुद्ध १६ टक्के असा, संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखल घेण्याइतकाही नसलेला फरक निघाला. यंत्र तेच, मिनियापोलिसच्या त्या संघाचा वेग आणि सराव सगळीकडे कुठून आणणार? आणखी एक गोष्ट या बातम्यांत येत नाही. एक्मोसाठी निवडले जाणारे रुग्ण बहुतेक ठिकाणी असेच असतात, ज्यांचं हृदय कुणाच्या समोर थांबलं आणि ज्यांची छाती लगेच दाबली गेली. पंधरा मिनिटं नुसता पडून राहिलेला माणूस त्या यंत्रालाही नको असतो. लाखो रुपयांच्या त्या उपचाराची पहिली अट फुकट आहे, आणि नेमकी तीच आपल्याकडे पुरी होत नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: 'सिएटलमध्ये ठीक आहे, तिथे मागून रुग्णवाहिका येते. इथे ती वाहतुकीत अडकलेली असते. नुसतं दाबून हृदय क्वचितच सुरू होतं. शॉक मिळणारच नसेल तर लोकांना शिकवून उपयोग काय?' यातलं पहिलं वाक्य मला मान्य आहे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, तेव्हा राज्याची लोकसंख्या अकरा कोटींच्या पुढे गेलेली होती. त्या गाडीत डॉक्टर असतो ही आपली जमेची बाजू, पण गाडीला रस्ता लागतोच. छाती दाबणं म्हणजे मुदत वाढवून घेणं, हेही बरोबर. पण मग ज्याच्याकडे रुग्णवाहिका उशिरा येणार, त्याला मुदतीची गरज जास्त की कमी? स्वीडनमध्ये कुणाच्या समोर कोसळलेल्या तीस हजार लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रुग्णवाहिकेआधी ज्यांना सीपीआर मिळाला त्यांच्यातले १०.५ टक्के महिनाभराने जिवंत होते, ज्यांना मिळाला नाही त्यांच्यातले ४ टक्के. शिवाय आपल्या शहरांत शॉकचं यंत्र असलेलं नर्सिंग होम पुष्कळदा गल्लीच्या तोंडाशी असतं. कोसळल्यापासून तिथे पोचेपर्यंतची मिनिटं रिकामी गेली तर मात्र त्या यंत्राचा काही उपयोग नाही.

या आक्षेपात आणखी एक गृहीतक लपलेलं आहे: अरेस्ट म्हणजे धमन्या भरलेला पन्नाशीचा शहरी पुरुष. आपल्या देशात दरवर्षी ३५ हजारांहून अधिक लोक बुडून मरतात आणि दहा हजारांहून अधिक विजेच्या धक्क्याने. विहिरीत पोहायला उतरलेली पोरं, विसर्जनाला खोल पाण्यात गेलेले कार्यकर्ते, रात्रीची लाइट आली म्हणून पाण्याच्या मोटारीला हात लावणारा शेतकरी. यांची हृदयं तरुण आणि निरोगी असतात. बुडालेल्याचं हृदय प्राणवायूअभावी थांबतं, तेव्हा वेळेवर श्वास देऊन छाती दाबली तर शॉकशिवायही ते परत चालू होऊ शकतं. हे करायला कोण पोचणार, तालुक्याचा डॉक्टर की विहिरीच्या काठावर उभा असलेला चुलत भाऊ? म्हणूनच भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने आलेली 'फक्त छाती दाबा' ही सोपी पद्धत प्रौढांच्या अचानक कोसळण्यासाठी योग्य असली, तरी नदीकाठच्या गावांत श्वास द्यायलाही शिकवलं पाहिजे.

दुसरा आक्षेप वैद्यकीय वर्तुळातून हलक्या आवाजात येतो. अडाणी माणसं चुकीचं दाबतील, बरगड्या मोडतील, शिकलेलं सहा महिन्यांत विसरतील. विसरतात, हे खरंच आहे. सरावाविना हे कौशल्य काही महिन्यांत ओसरतं. बरगड्याही मोडतात, तज्ज्ञांच्या हातूनसुद्धा. पण हाच आक्षेप आपण महाराष्ट्रात एकदा ऐकलेला आहे आणि त्याचा निकालही लागलेला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला तयार केलं. या आरोग्यदूत घरी जाऊन बाळाचं वजन करत, ऊब देत, जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकाचं इंजेक्शन टोचत. आणि जन्मताच न रडलेल्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला त्या आधी नळी-मास्कने आणि पुढे पिशवी-मास्कने श्वास देत. झोपडीत, कंदिलाच्या उजेडात. डॉक्टरी जगात भुवया उंचावल्या नसत्या तरच नवल. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: ३९ गावांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. त्यात जंतुसंसर्गावरच्या उपचारांचा वाटा मोठा होता, सगळा श्वास देण्याचा नव्हता. पण गुदमरलेल्या बाळांचे मृत्यूही घटले. पुढे हीच घरोघरची पद्धत २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्याचं ठरलं. जे हात निपचित अर्भकाच्या इवल्या फुप्फुसांत मोजून मापून हवा सोडू शकले, त्याच समाजातल्या हातांना मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या लयीत प्रौढ छाती पाच-सहा सेंटिमीटर दाबता येणार नाही, असं म्हणायला आधार काय?

याच्या जोडीला पिट्सबर्गची गोष्ट ठेवतो. पीटर साफार हे तोंडाने श्वास देण्याची पद्धत शास्त्रशुद्ध ठरवणारे भूलतज्ज्ञ. त्यांची लहान मुलगी १९६६ मध्ये दम्याच्या झटक्यानंतर गेली. रुग्णालयापर्यंत पोचेस्तोवर तिचा मेंदू हाताबाहेर गेला होता. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रयत्नांतून 'फ्रीडम हाउस' रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीतले बेरोजगार कृष्णवर्णीय तरुण तिथे शिकले, आणि ते अमेरिकेतल्या पहिल्या पॅरामेडिकांत गणले जातात. तोवर शहरात आजाऱ्याला न्यायला पोलिसांची गाडी येत असे. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढून ही बंद केली. कारण कौशल्याचं नव्हतं, कातडीच्या रंगाचं होतं. जीव वाचवण्याचा अधिकार कुणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न क्वचितच निव्वळ वैद्यकीय असतो, हे आपल्या जातिबद्ध समाजाला वेगळं सांगायला नको. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायचं म्हटल्यावर आपल्याकडे काय काय मनात येतं, ते प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो करणाऱ्यांशी माझं निम्मं भांडण नाही. 'जाणाऱ्याला सुखाने जाऊ द्या. परत आणून अंथरुणाला खिळवण्यात काय भूतदया?' क्लीव्हलंडचे क्लॉड बेक यांनी १९४७ मध्ये चौदा वर्षांच्या मुलाच्या हृदयाला शॉक देऊन ते पुन्हा चालू केलं, माणसातला तो पहिला यशस्वी प्रयोग. त्यांची भूमिका होती की काही हृदयं मरून जाण्याइतकी वाईट झालेली नसतात, त्यांच्यासाठी हे आहे. प्रत्येक मरणाऱ्यावर करण्याचा विधी म्हणून हे शास्त्र जन्माला आलं नाही. असाध्य आजाराच्या अखेरीस थांबलेलं हृदय दाबून सुरू करणं ही माझ्या मते बहुतेकदा क्रूरता आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली, आयसीएमआरने २०२० मध्ये अशा रुग्णांवर सीपीआर न करण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं दिली. घराघरांत हे बोललं जायला हवं आणि लिहून ठेवलं जायला हवं. पण या युक्तिवादाचा उपयोग फलाटावर कोसळलेल्या माणसाविरुद्ध करणं ही लबाडी आहे. त्याच्या मेंदूला इजा होईल ही भीती असेल, तर ती इजा कशाने होते? उशिराने. डेन्मार्कमधल्या वाचलेल्यांचा वर्षभर माग काढल्यावर दिसलं की ज्यांना जवळच्या माणसाने सीपीआर दिला, त्यांना मेंदूची हानी होण्याचं किंवा शुश्रूषागृहात राहावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. जवळच्याच कुणी शॉक दिला असेल तर आणखी कमी. कोसळलेल्याला हात न लावता उभं राहणं हाच अंथरुणाला खिळण्याकडे नेणारा रस्ता आहे.

कायद्याची भीती लोक सांगतात, ती अर्धी खरी आहे. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या हितासाठी सद्हेतूने केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही, हे पूर्वी भारतीय दंडविधानात होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे. मदतकर्त्याला पोलिसांनी छळू नये यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. पण हे दुसरं संरक्षण वाहन अपघातापुरतं आहे. दुचाकीवरून पडलेल्याला उचलणारा त्यात येतो, दुकानाच्या पायरीवर कोसळलेल्याची छाती दाबणारा येत नाही. ही फट बुजवायला विधिमंडळाला फार वेळ लागू नये. बाईच्या छातीला हात लावण्याचा संकोच मात्र कायद्याने जाणारा नाही, आणि तो फक्त आपला आहे असंही समजू नये. अमेरिकेतल्या एका पाहणीत सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना जवळच्यांकडून सीपीआर मिळाला, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. यावर उपाय एकच दिसतो: शाळेतच मुलामुलींनी एकत्र शिकावं, आणि सरावाची बाहुली बाईचीही असावी.

राहिली ती एईडीची, म्हणजे स्वतःच लय ओळखून बोलून सूचना देणाऱ्या शॉक यंत्राची मागणी. मला ती यंत्रं हवीत. शिकागोच्या विमानतळांवर ती चालत मिनिट-दीड मिनिटात हाती लागतील अशी ठेवली होती. दोन वर्षांत शॉकयोग्य लयीतल्या अठरा जणांपैकी अकरा वाचले, आणि यंत्र उचलणारे पुष्कळसे साधे प्रवासी होते. पण यंत्राने शॉक देईपर्यंत आणि दिल्यानंतरही छाती दाबावीच लागते. लोकांना काहीच न शिकवता भिंतीवर टांगलेला डबा कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद व्हायला किती दिवस लागतील? फीत कापण्याची सोय असल्यामुळे यंत्र लोकप्रतिनिधींना आवडतं. नववीच्या पी.टी.च्या तासाला फीत नसते.

तरी सुरुवात तिथूनच व्हावी. दरवर्षी एक तास, दहावीपर्यंत; मग वाहन परवान्याच्या वेळी एकदा. गोविंदा पथकं, ढोल पथकं, गणेश मंडळं, सोसायटीचे वॉचमन, एसटीचे वाहक, महावितरणचे वायरमन, ही तर तयार मनुष्यबळाची यादी आहे. ढोल पथकात वाढलेल्या पोराला लय शिकवावी लागणार नाही. आणि विसरलेल्यांसाठी फोन आहे. १०८ ला फोन लावणारा माणूस घाबरलेला असतो, पण सूचना ऐकतो. 'तो शुद्धीवर आहे का? श्वास नेहमीसारखा आहे का? नाही? मग फोन स्पीकरवर ठेवा, गुडघ्यावर बसा, छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवा, मी मोजतो,' हे वाक्य मराठीत, कोकणीत, हिंदीत प्रत्येक कॉलला बोललं गेलं पाहिजे. चुकून हृदय चालू असलेल्याची छाती दाबली गेली तर गंभीर इजा क्वचित होते. न दाबण्याची चूक मात्र पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

हे सगळं चाललंय की नाही हे कळायला मोजावं लागेल, आणि तिथे आपण सर्वांत कच्चे आहोत. जून १९९० मध्ये नॉर्वेत स्टाव्हँगरजवळच्या उट्स्टाइन मठात काही डॉक्टर जमले आणि अरेस्टची नोंद सगळ्या जगाने एकाच पद्धतीने कशी ठेवावी हे त्यांनी ठरवलं. आज सिएटल, कोपनहेगन, ओसाका यांची तुलना करता येते ती त्या तक्त्यामुळे. भारतात अरेस्टची देशभरची नोंदवही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लाखो लोकांनी एका दिवसात ऑनलाइन सीपीआरचं प्रात्यक्षिक पाहिलं, बातम्या झाल्या. त्यातून किती छात्या दाबल्या गेल्या हे कुणी विचारलं नाही. महाराष्ट्राने जिल्हावार फक्त दोन आकडे दरवर्षी जाहीर करावेत: रुग्णवाहिका पोचण्याआधी किती जणांना सीपीआर मिळत होता, आणि त्यांतले किती घरी गेले. पहिल्या वर्षीचे आकडे लाजिरवाणे निघतील. निघू देत, डेन्मार्कने मोजायला सुरुवात केली तेव्हा शंभरातले साडेतीनच वाचत होते.